नॉमिनी एक, हिस्सेदार पाच : नौपाड्यातील एका सदनिकेच्या वारशाचे प्रकरण

मार्च २०२४ मध्ये ठाण्याच्या नौपाडा भागातील एका सहकारी गृहनिर्माण संस्थेचे जुने सभासद वयाच्या ऐंशीव्या वर्षी निवर्तले. १९८६ साली १ लाख ६० हजार रुपयांना स्वकमाईतून घेतलेली सदनिका, बँकेतील सुमारे २२ लाखांच्या मुदतठेवी आणि थोडे समभाग एवढी त्यांची मालमत्ता होती. मृत्युपत्र केलेले नव्हते. मागे पत्नी, त्याच सदनिकेत आईवडिलांसह राहणारा थोरला मुलगा आणि न्यू जर्सीत स्थायिक होऊन अमेरिकेचे नागरिकत्व घेतलेला धाकटा मुलगा असा परिवार होता. मुलगी २०१९ मध्ये, म्हणजे वडिलांच्या आधीच, कर्करोगाने गेली होती. तिचे यजमान आणि दोन मुले ऐरोलीला राहतात. कुटुंबाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. कायद्याच्या आणि आकड्यांच्या दृष्टीने प्रकरण आहे तसेच ठेवले आहे.

थोरले चिरंजीव सल्ल्यासाठी आले तेव्हा त्यांच्या दृष्टीने काम संपलेले होते. त्यांच्या फाइलमध्ये तीन कागद होते. पहिला १९९८ सालचा नामनिर्देशनाचा अर्ज, ज्यात वडिलांनी स्वतःच्या अक्षरात त्यांचे नाव, ‘नाते – मुलगा’ आणि ‘हिस्सा – १०० टक्के’ असे लिहिले होते. दुसरा संस्थेचा भागदाखला (शेअर सर्टिफिकेट). त्याच्या मागील बाजूच्या रकान्यात वडिलांच्या नावापुढे त्यांचे नाव चढवून अध्यक्ष, सचिव व खजिनदार यांनी सह्या केल्या होत्या आणि संस्थेचा गोल शिक्का मारला होता. तिसरे कागदपत्र म्हणजे धाकट्या भावाने सुट्टीत आला असताना पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर नोटरीपुढे करून दिलेले ‘माझी काही हरकत नाही’ अशा आशयाचे प्रतिज्ञापत्र. “फ्लॅट माझ्या नावावर झालेला आहे, फक्त बिल्डरचे वकील उगाच अडवून बसलेत,” असे त्यांचे म्हणणे होते.

वकील उगाच अडवत नव्हते. इमारत पुनर्विकासाला निघाली होती, विकासकाची निवड झाली होती आणि आता प्रत्येक सभासदाशी कायमस्वरूपी पर्यायी जागेचा करार नोंदवायचा होता. सभासद मयत असेल तर त्याच्या सर्व वारसांच्या सह्या, किंवा त्यांनी रीतसर हक्क सोडल्याचे नोंदणीकृत दस्त, ही मागणी अशा वेळी केली जातेच. आमच्याकडे वारशाची जी प्रकरणे येतात त्यांपैकी कितीतरी मृत्यूमुळे नव्हे, तर पुनर्विकासामुळे उघडतात. एरवी ती आणखी दहा-पंधरा वर्षे भागदाखल्याच्या मागच्या बाजूलाच निजून राहिली असती.

नामनिर्देशनाबद्दलचा गैरसमज इतका खोलवर रुजलेला आहे की त्याचा उलगडा दर वेळी पहिल्यापासून करावा लागतो. नॉमिनी हा मालक नसतो. संस्थेला, बँकेला किंवा कंपनीला मयताच्या पश्चात कोणाशी व्यवहार करायचा हे कळावे यासाठीची ती सोय असते. समभागांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये शक्ती येझदानी प्रकरणात हेच स्पष्ट केले, आणि विम्याच्या बाबतीत १९८३ च्या सरबती देवी निकालाने हेच तत्त्व घालून दिले होते, जरी २०१५ च्या दुरुस्तीनंतर पती-पत्नी, आईवडील किंवा मुले नॉमिनी असतील तर ते लागू होत नाही. गृहनिर्माण संस्थांसाठी महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात २०१९ च्या दुरुस्तीने आलेले कलम १५४ब-१३ महत्त्वाचे आहे. त्यानुसार मयत सभासदाचा हिस्सा मृत्युपत्र, उत्तराधिकार प्रमाणपत्र, वारस दाखला किंवा वारसांनी मिळून केलेल्या कौटुंबिक व्यवस्थेचा दस्त यांच्या आधारे वर्ग होतो. तोवर नॉमिनीला संस्था तात्पुरता सभासद म्हणून घेते. म्हणजे भागदाखल्यावरची ती नोंद चुकीची नव्हती, तिचा अर्थ मात्र घरच्यांनी लावला तो नव्हता. आणि धाकट्या भावाच्या प्रतिज्ञापत्राने त्याचा हिस्सा कोणाकडेच गेलेला नव्हता, कारण शंभर रुपयांहून अधिक किमतीच्या स्थावरातील हक्क सोडायचा तर दस्ताची नोंदणी १९०८ च्या नोंदणी कायद्याने सक्तीची आहे. नोटरीचा शिक्का तिथे उपयोगाचा नाही.

मग हिस्सेदार कोण? हिंदू उत्तराधिकार अधिनियम, १९५६ प्रमाणे मृत्युपत्र न करता वारलेल्या पुरुषाची स्वकष्टार्जित मिळकत प्रथम वर्ग १ च्या वारसांकडे जाते. विधवा पत्नीला एक हिस्सा, प्रत्येक मुलाला आणि मुलीला एकेक. जी मुलगी आधीच वारली आहे तिची मुलेही वर्ग १ मध्येच येतात आणि आईला मिळाला असता तो एक हिस्सा आपसांत वाटून घेतात. तिच्या यजमानांना मात्र सासऱ्यांच्या मिळकतीत वारस म्हणून काही मिळत नाही. थोरल्या चिरंजीवांनी पहिल्या भेटीत सांगितलेल्या वारसांच्या यादीत बहिणीचे नाव नव्हते. त्यात कपट नव्हते. ‘ती गेली, तिचा विषय संपला’ अशी घरादाराची प्रामाणिक समजूत होती. दुसऱ्या भेटीला त्यांच्या मातोश्री सोबत आल्या. मुलांची नावे सांगा म्हटल्यावर त्यांनी तीन सांगितली, आणि थोरल्याने मध्येच काही म्हणायच्या आत त्या म्हणाल्या, “माझी मुलं तीन. गेली म्हणून काय मोजायची नाही का?” कायद्याचे उत्तरही नेमके हेच होते.

त्यामुळे सदनिकेचे आठ भाग कल्पिले तर आईचे दोन, थोरल्याचे दोन, धाकट्याचे दोन आणि दिवंगत मुलीच्या मुलांचा प्रत्येकी एक, अशी वाटणी झाली. मुलीकडच्या नातवंडांपैकी नातू २३ वर्षांचा, नोकरीला लागलेला; नात १६ वर्षांची, अकरावीत शिकणारी. या प्रकरणाचा खरा पेच या शेवटच्या दोन अष्टमांशांत होता, आणि तिकडे कोणाचेच लक्ष नव्हते.

घरात वाद नव्हता, हे आवर्जून सांगायला हवे. वडिलांची दुखणी-बाणी थोरल्याने काढली, संस्थेची देणी वर्षानुवर्षे त्यानेच भरली आणि बहिणीच्या उपचारांचा मोठा खर्चही त्यानेच उचलला. म्हणून धाकटा भाऊ आणि भाचा दोघेही आपापला हिस्सा त्याला देऊन टाकायला तयार होते. “मामाने आईसाठी केलं ते मला ठाऊक आहे, मला त्या फ्लॅटमधलं काही नको,” असे भाच्याने फोनवर सांगितले. सर्वांनी थोरल्याच्या नावे हक्कसोडपत्र करावे, असा सरळ बेत ठरला होता. मन सरळ असले की कागदही सरळ होतील असे लोकांना वाटते. इथे तसे होणार नव्हते.

अडचण आयकराची होती. भारतात वारसा कर नाही; मयताच्या मालमत्तेवरचे संपदा शुल्क (इस्टेट ड्युटी) १९८५ मध्येच रद्द झाले. वारशाने किंवा मृत्युपत्राने मिळालेली मिळकत घेणाऱ्याच्या हाती करपात्र होत नाही. पण हक्कसोडपत्र हा वारसा नव्हे. वारसाला मिळालेला हक्क तो पुढे विनामोबदला दुसऱ्याला देतो, तेव्हा घेणाऱ्याला विनामोबदला स्थावर मिळकत मिळाली असे आयकर खाते म्हणू शकते, आणि तेव्हा लागू असलेल्या आयकर कायदा, १९६१ च्या कलम ५६(२)(x) नुसार अशा मिळकतीचे मुद्रांक मूल्य ५० हजारांपेक्षा जास्त असेल तर ते पूर्ण मूल्य उत्पन्नात धरले जाते. ‘नातेवाइका’कडून मिळाले तर ही तरतूद लागू होत नाही. इथेच नात्याची दिशा महत्त्वाची ठरते. या कलमातील नातेवाईक कोण, हे घेणाऱ्याच्या बाजूने मोजायचे असते. घेणारा भाचा आणि देणारा मामा असेल तर मामा हा आईचा भाऊ म्हणून व्याख्येत बसतो. घेणारा मामा आणि देणारा भाचा असेल तर मात्र बहिणीचा मुलगा व्याख्येत कुठेच सापडत नाही. मामाने भाच्याला दिले तर कर नाही, भाच्याने मामाला दिले तर कर आहे. ही विसंगती अनेक सल्लागारांच्याही ध्यानात येत नाही, कारण मामा-भाच्याचे नाते आपल्याकडे इतके जवळचे मानतात की त्यावर कर लागेल असे मनातच येत नाही.

आकड्यांत सांगायचे तर सदनिकेचे रेडी रेकनरप्रमाणे (मुद्रांकासाठीच्या सरकारी दरपत्रकाप्रमाणे) मूल्य सुमारे १ कोटी ४ लाख येत होते. भाच्याचा अष्टमांश १३ लाखांचा. थोरले चिरंजीव ३० टक्क्यांच्या टप्प्यात असल्यामुळे त्या कृतज्ञतेपोटी त्यांच्यावर उपकरासह ४ लाख ५ हजार ६०० रुपये कर बसण्याची शक्यता होती. कौटुंबिक व्यवस्था ही हस्तांतरण नसते, असा युक्तिवाद करता येतो आणि न्यायालयांनी तो अनेकदा मान्यही केला आहे. पण ज्या घरात वादच नव्हता तिथे ‘वाद मिटवण्यासाठी व्यवस्था केली’ असे म्हणणे कितपत टिकेल, याची मला शंका होती. जिंकता येईल अशा वादापेक्षा तो उद्भवूच न देणारा मार्ग असेल तर तो घ्यावा.

तसा मार्ग होता. नातवाने आजीच्या नावे हक्क सोडला तर आजीच्या दृष्टीने तो थेट वंशज, म्हणजे व्याख्येतला नातेवाईक. पुढे आजीने आपला हिस्सा मृत्युपत्राने मुलाला दिला तर तेही करमुक्त. मात्र हा मार्ग सुचवताना भाच्याला एक गोष्ट त्याच्या वडिलांसमक्ष स्पष्ट सांगितली. आजीच्या नावे सोडलेला हक्क हा खरोखरच आजीचा होतो. मृत्युपत्र कधीही बदलता येते. उद्या आजीने तो हिस्सा दुसऱ्या कोणाला दिला, विकला किंवा कोणालाच न देता त्या गेल्या, तर तुला काही बोलता येणार नाही. हे मान्य असेल तरच सही कर. त्याने दोन दिवस मागून घेतले आणि मग होकार दिला. ही दोन दिवसांची मुदत मला त्याच्या पहिल्या तत्पर होकारापेक्षा अधिक आश्वासक वाटली.

धाकट्या मुलाचा हिस्सा थेट थोरल्याला गेला असता तरी भाऊ म्हणून आयकराचा प्रश्न नव्हता. तरीही त्यानेही तो आईच्याच नावे सोडावा असे ठरले. कारण कराचे नव्हते. पतीच्या पश्चात ७५ वर्षांच्या बाईच्या नावावर राहत्या घराचा फक्त चौथा भाग असावा आणि उरलेले घर मुलाच्या नावे असावे, हे मुलगा कितीही चांगला असला तरी मला पटत नाही. ज्येष्ठ नागरिकांसाठीच्या २००७ च्या कायद्यातील कलम २३ चा आधार घेऊन दिलेली मिळकत परत मिळवता येते, पण सांभाळाची अट गृहीत असल्याचे दाखवावे लागते आणि त्यासाठी आईला मुलाविरुद्ध न्यायाधिकरणापुढे उभे राहावे लागते. थोरल्यांना हे ऐकून क्षणभर वाईट वाटले; त्यांच्या मातोश्रींना अजिबात वाटले नाही.

धाकट्याच्या बाबतीत दोन गोष्टी वेगळ्या होत्या. तो येऊ शकत नसल्याने थोरल्या भावाच्या नावे मुखत्यारपत्र करायचे होते. ते तिथे नोटरी करून त्यावर अपोस्टील (परदेशात चालणारे सरकारी प्रमाणीकरण) घ्यावे लागले आणि भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्याचे मुद्रांक शुल्क भरावे लागले. ही मुदत हमखास चुकते, म्हणून पाकीट आले त्या दिवशीच तारीख लिहून ठेवली. दुसरे म्हणजे अमेरिकन नागरिकाने दिलेली भेट तिथल्या कायद्याच्या कक्षेत येते. एका व्यक्तीला वर्षात १९,००० डॉलरपेक्षा (२०२५ ची मर्यादा) अधिक मूल्याची भेट दिली तर तिथे फॉर्म ७०९ हे भेटकराचे विवरणपत्र भरावे लागते. आजन्म सवलत मोठी असल्याने प्रत्यक्ष कर सहसा लागत नाही. बाजारभावाने ३० लाखांचा त्याचा हिस्सा ही मर्यादा सहज ओलांडत होता, त्यामुळे त्याने तिथल्या सल्लागाराकडून विवरणपत्राची व्यवस्था केली.

सदनिका विकून पैसे वाटून घ्यावेत, असाही विचार मध्यंतरी झाला. बाजारात १ कोटी २० लाख मिळाले असते. खरेदी १९८६ ची असल्याने १ एप्रिल २००१ चे मूल्य धरता येते, आणि ते त्या दिवशीच्या मुद्रांक मूल्यापेक्षा जास्त धरता येत नाही. मूल्यांकनकाराने ते ९ लाख काढले. वारसांसाठी वडिलांची किंमत व वडिलांचा धारणकाळच चालतो. २०२५-२६ च्या ३७६ या महागाई निर्देशांकाने ९ लाखांचे ३३ लाख ८४ हजार होतात. नफा ८६ लाख १६ हजार, २० टक्क्यांनी कर १७ लाख २३ हजार २००. निर्देशांक न लावता नफा १ कोटी ११ लाख आणि १२.५ टक्क्यांनी कर १३ लाख ८७ हजार ५००. २३ जुलै २०२४ नंतर निर्देशांक गेल्याची हळहळ पुष्कळ घरांत ऐकू येते, पण जुन्या ठाण्यातल्या अशा सदनिकांना नवा दरच बहुधा स्वस्त पडतो. विक्री करायचीच तर हक्क सोडण्याआधी करावी, कारण तेव्हा प्रत्येक हिस्सेदाराचा नफा वेगळा, आणि रोख्यांत गुंतवून वाचवायची ५० लाखांची मर्यादाही प्रत्येकाची स्वतंत्र असते. आईच्या नावे सारे एकवटल्यावर विकले तर ही विभागणी हातची जाते. आईंना घर सोडायचे नव्हते, त्यामुळे हा विषय तिथेच मिटला.

राहिला नातीचा अष्टमांश. “तिचे वडील सही करतील की,” असे सर्वांनी गृहीत धरले होते. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ च्या कलम ८ प्रमाणे नैसर्गिक पालकाला अज्ञानाची, म्हणजे १८ वर्षांखालील मुलाची, स्थावर मिळकत न्यायालयाच्या परवानगीशिवाय विकता, बक्षीस देता किंवा अदलाबदल करता येत नाही. तसे केले तर मूल सज्ञान झाल्यावर तो व्यवहार रद्द करून घेऊ शकते. अज्ञान मुलीचा हक्क फुकट सोडायला कोणतेही न्यायालय परवानगी देणार नाही, कारण त्यात तिचा उघड लाभ काहीच नाही. त्यामुळे तिचा हिस्सा तिच्याच नावे ठेवायचा, हे ठरवण्यासारखे नव्हतेच. पुनर्विकासाचा करार मात्र निराळा. जुन्या घरातील हिश्शाच्या बदल्यात नव्या, मोठ्या घरात तेवढाच हिस्सा मिळतो, हा लाभ दाखवता येतो. म्हणून तिच्या वडिलांच्या नावे ठाणे जिल्हा न्यायालयात परवानगीचा अर्ज करायचे ठरले. जावई त्या बैठकीत प्रथमच बोलले. “मला काही नको, पण तिच्या नावाचा कागद तिच्या हातात आला पाहिजे,” एवढेच ते म्हणाले.

कागदांचा क्रम यानंतर ठरला आणि माझ्या मते या प्रकरणात क्रमाइतके महत्त्वाचे दुसरे काही नव्हते. आधी मुंबई नियमन ८, १८२७ खाली दिवाणी न्यायालयाकडून वारस दाखला, ज्यात पाचही नावे आली. मग हक्कसोडपत्राचा मसुदा अभिनिर्णयासाठी, म्हणजे किती मुद्रांक लागेल हे आधीच ठरवून घेण्यासाठी, मुद्रांक जिल्हाधिकाऱ्यांकडे. आई, भाऊ, बहीण अशा नात्यांत हक्क सोडला तर मुद्रांक नाममात्र लागतो, पण सवलतीच्या मजकुरात ‘वडिलोपार्जित मिळकत’ असे शब्द असल्याने वडिलांच्या स्वकष्टार्जित सदनिकेवर नोंदणीच्या टेबलाशी वाद घालत बसण्यापेक्षा आधीच निर्णय हातात असलेला बरा. दस्तात हक्क नेमका कोणाच्या नावे सोडला हेही स्पष्ट लिहिले. ‘इतर वारसांच्या लाभात’ अशी मोघम भाषा पुढे घोळ करते.

हक्कसोडपत्राने आईंचा वाटा पाच अष्टमांश झाला. त्याच दिवशी, त्याच दुय्यम निबंधक कार्यालयात त्यांचे मृत्युपत्रही नोंदवले. हे पुढच्या महिन्यावर ढकलू नका असा माझा आग्रह होता, कारण मृत्युपत्राविना त्या गेल्या असत्या तर त्यांचा वाटा पुन्हा दोन मुलगे आणि दिवंगत मुलीची शाखा यांत तीन ठिकाणी गेला असता आणि सारी खटपट फिरून मूळ पदावर आली असती. मृत्युपत्राला मुद्रांक लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. दोन साक्षीदार मात्र हवेतच. ते घरातले किंवा लाभार्थी नसावेत, आणि आईंपेक्षा वयाने बरेच लहान असावेत, एवढी काळजी घेतली. डॉक्टरांचा दाखला जोडला. प्रोबेटची, म्हणजे मृत्युपत्र न्यायालयाकडून प्रमाणित करून घेण्याची, सक्ती मुंबई शहराच्या मूळ दिवाणी अधिकारक्षेत्रापुरती असे. ठाण्यातील अशा मिळकतीला ती नव्हतीच. आईंनी सदनिकेतील आपला वाटा थोरल्याला दिला आणि दागिने नातीला. पाटल्यांचा उल्लेख त्यांनी स्वतः सांगून वेगळ्या ओळीत घालायला लावला, कारण त्या मुलीच्या लग्नातल्या होत्या आणि तिच्या आजारपणात परत आल्या होत्या.

मुदतठेवींचे काम सोपे गेले. नॉमिनी थोरलाच होता. त्याने रक्कम घेऊन सर्वांच्या संमतीने आईंच्या खात्यात जमा केली, आणि नातीच्या अष्टमांशाची २ लाख ७५ हजारांची ठेव तिच्या नावे वेगळी काढली. वडिलांच्या मृत्यूपर्यंतचे विवरणपत्र कायदेशीर वारस म्हणून थोरल्यानेच भरले. मृत्यूनंतरचे व्याज मात्र वडिलांच्या पॅनवर दाखवायचे नसते, हे बँकेला दोनदा लिहून कळवावे लागले.

नातीच्या हिश्शाबाबत थोरल्यांनी सर्वांच्या सह्यांचा एक लेख करून दिला आहे. २०२७ मध्ये ती १८ वर्षांची झाल्यावर तिला हिस्सा ठेवायचा असेल तर ठेवावा; विकायचा असेल तर मामाने तो त्या दिवशीच्या मूल्यांकनाने, पण मुद्रांक मूल्यापेक्षा कमी नसलेल्या किमतीला घ्यावा. तोपर्यंत विक्री टाळण्यात कराचेही कारण आहे, कारण अज्ञान मुलीचा भांडवली नफा वडिलांच्या उत्पन्नात मिळवला जातो आणि सज्ञान झाल्यावर तो तिचा स्वतःचा असतो. विकासकाने या सदनिकेचा करार न्यायालयाच्या परवानगीच्या अधीन ठेवायचे मान्य केले असून त्यात नव्या घराचे हिस्सेदार म्हणून आई, थोरला मुलगा आणि नात अशी तीन नावे आहेत. परवानगीचा अर्ज दाखल झाला आहे, आणि त्याच्या प्रतीसोबत वारस दाखल्याची एक प्रत ऐरोलीला पाठवली आहे.